एका वस्तूला एकच काम

त्या दिवशी सकाळी नुकतंच दुकान उघडलं होतं आणि एका कामगाराच्या फोनवर मी काच बसवत होतो. पहिल्या पाळीला जाण्याआधी त्याला फोन हवा होता. काचेखाली हवेचा एक बुडबुडा राहिला होता, तो मी कार्डाने कडेला सारत होतो आणि तो म्हणत होता, "भैया, रहने दो, चलेगा." तेवढ्यात माझा फोन वाजला. कुसुमकाकूंचा नीलेश होता, पुण्याहून नव्हे, माकुणसारहून. गेले चार दिवस तो आईकडे आलेला होता, हे मला माहीत होतं. "सतीश, आई गेली," एवढंच तो म्हणाला. मग त्यानेच सांगितलं... वाडीची सकाळची फेरी मारून आली, ओट्यावर बसली, सुनेकडे पाणी मागितलं आणि पाणी येईपर्यंत भिंतीला टेकून शांत झाली. पायांना वाडीतली ओली माती तशीच होती. मी कामगाराला फोन परत दिला, बुडबुड्यासकट, आणि दुकान बंद करून निघालो.

या गोष्टीला आता दीड महिना होत आला. कुसुमकाकू राऊत हे नाव माकुणसार आणि केळव्याच्या आसपासच्या चार गावांबाहेर फार कुणाला माहीत असायचं कारण नाही. त्यांनी संस्था काढली नाही, निवडणूक लढवली नाही. डोळ्यांनी दिसेनासं व्हायला लागल्यावर पुढची नऊ वर्षं त्यांनी आपली पानवेलीची वाडी स्वतः चालवली, एवढंच त्यांनी केलं. ते त्यांनी कसं केलं हे मी जवळून पाहिलं आहे, कारण सुरुवातीला ते होऊ शकत नाही असं सांगणाऱ्यांत मी होतो.

माझं बोईसरला मोबाइलचं दुकान आहे. माझे वडील, अण्णा, सोलापूरकडून इथे कुंभवलीच्या कापड रंगवण्याच्या एका कारखान्यात आले आणि आम्ही बेटेगावला स्थिरावलो. मला कारखान्यात जायचं नव्हतं, म्हणून मी दुकान टाकलं. फोन विकण्यात मी स्वतःला हुशार समजतो. समोरचा माणूस काय घ्यायला आलाय हे त्याने तोंड उघडायच्या आधी मला कळतं, असा माझा तोरा होता. नऊ वर्षांपूर्वी नीलेश त्याच्या आईला घेऊन दुकानात आला, तेव्हाही मला वाटलं, कळलं. आईला काचबिंदू. एक डोळा गेलेला, दुसऱ्यातून समोरचं एवढंसं गोल दिसतंय आणि तेही जाणार असं डॉक्टरांनी सांगितलेलं. वडील वारलेले. मुलगा पुण्याला नोकरीत, वर्षातून पाच-सहा वेळा येणारा. नीलेशने मला आधीच फोनवर सांगून ठेवलं होतं, "सगळं एकात असेल असं दाखवा." मी दुकानातला सगळ्यात मोठा फोन काढला आणि बोटांवर मोजायला लागलो. काकू, यात फोन आहे, रेडिओ आहे, घड्याळ आहे, गजर आहे, टॉर्च आहे, आवाज टिपून ठेवायची सोय आहे, हा वाचून दाखवतो, विचारलं तर उत्तर देतो. वेगवेगळ्या दहा वस्तू सांभाळायची गरजच नाही!

काकूंनी फोन हातात घेतला. अंगठा काचेवरून वरपासून खालपर्यंत फिरवला, मग पुन्हा खालून वर. वाडीत काम केलेला, नखांत हिरवट डाग असलेला तो अंगठा मला अजून दिसतो. "यात टॉर्च कुठं हाय?" त्यांनी विचारलं. मी दाखवलं. "अन् रेडिओ?" तेही दाखवलं. त्या म्हणाल्या, "माझ्या बोटाला तर सगळीकडं सारखंच लागतंय." मग माझ्या आवाजाच्या दिशेने तोंड करून, अजिबात न चिडता म्हणाल्या, "भाऊ, मला दिसत नाय म्हणून तुमी माझ्या हातात काच देता होय?"

नीलेश अवघडला. त्याने तो फोन घेतलाच. मीही हसत पिशवी हातात दिली आणि हळूहळू सवय होईल असं म्हणालो. दुकानदार हे वाक्य दिवसातून वीस वेळा म्हणतो.

पंधरा दिवसांनी काकू एकट्या दुकानात आल्या. माकुणसारहून पालघर, तिथून बोईसर, विचारत विचारत. त्यांच्याबरोबर कुणी नाही हे पाहून मी काउंटरच्या बाहेरच आलो. त्यांनी खोक्यासकट फोन काउंटरवर ठेवला आणि म्हणाल्या, "याच्यानं माझं होत नाय. रेडिओ लावायला जाते तर पोराला फोन लागतो. वेळ बघायला जाते तर कॅमेरा उघडतो म्हणे. एक गोष्ट करताना हा दुसऱ्या चार करतो. मला एका वस्तूला एकच काम असलेल्या वस्तू दे." मग त्यांनी यादी सांगितली. बटणं वर उठलेला साधा फोन. बोलणारं घड्याळ. फिरवायची खुंटी असलेला रेडिओ. बोललेलं साठवून ठेवणारं लहानसं यंत्र. आणि टॉर्च. मी न राहवून विचारलं, "टॉर्च कशाला, काकू?" त्या म्हणाल्या, "मला बघायला नाय. संध्याकाळी रस्त्यानं जाताना गाडीवाल्याला मी दिसायला नको?"

माझ्याकडे त्यातला फक्त साधा फोन होता. बाकीच्या वस्तू आता कोण घेतं, असं म्हणून मी मोकळा झालो असतो. पण का कोण जाणे, मी शोधायला लागलो. रेडिओ पालघरच्या एका म्हाताऱ्या दुरुस्तीवाल्याकडे मिळाला, त्याने खुंटी बदलून जाड बसवून दिली. आवाज टिपायचं यंत्र मुंबईच्या घाऊक बाजारातून आलं. बोलणारं घड्याळ मिळालं, पण ते हिंदीत बोलायचं. बटण दाबलं की बाई सांगायची, "सुबह के नौ बजकर पाँच मिनट." मला वाटलं, काकू नाही म्हणतील. त्यांनी दोनदा दाबून ऐकलं आणि म्हणाल्या, "बोलते चांगली. घरात आणखी एक माणूस झालं." पुढे नऊ वर्षं ती बाई वेळ सांगायची आणि काकू तिला "बरं" म्हणायच्या. दर वेळी!

त्यांनी जुन्या जाड कापडाची एक कंबरपिशवी शिवून घेतली, पाच कप्प्यांची. फोनच्या कप्प्याला एक बटण, रेडिओच्या कप्प्याला नाडी, टॉर्चच्या कप्प्याला हूक, असं प्रत्येक तोंड वेगळं. मी म्हटलं, काकू, एवढं ओझं? त्या म्हणाल्या, "दूध काढायला एक भांडं, भात शिजवायला दुसरं. तेवा कुणी म्हणतं का ओझं?"

नीलेशचं म्हणणं वेगळं होतं, आणि ते खोटं नव्हतं. आईला दिसत नाही, घराला लागून विहीर, हौद, पाट, पानवेलीच्या ओळी. एकटीने काही झालं तर कळायलाच वेळ जाईल. वाडी कुणाला तरी कसायला द्यावी आणि आईने पुण्याला यावं, अशी त्याची इच्छा होती. निदान तिच्याजवळ तो एक फोन असता तर ती कुठे आहे हे त्याला पुण्यातून दिसलं असतं. माझ्या देखतच एकदा तो म्हणाला, "आई, तू खेळण्यांचं दुकान कमरेला बांधून फिरतेस." काकूंनी ते मनावर घेतलं नाही. त्या म्हणाल्या, "एक वर्ष दे. या दसऱ्यापासनं पुढच्या दसऱ्यापर्यंत. या वर्षात मी एकदा जरी पडले, वाट चुकले, औषध विसरले, तर मी आपणहून बॅग भरीन. काही झालं नाय, तर पुन्हा हा विषय काढायचा नाय." नीलेशने मान्य केलं. मला साक्षीदार केलं दोघांनी, कारण तेव्हा मी रेडिओच्या बॅटऱ्या द्यायला तिथे गेलेलो होतो.

त्या वर्षात मी महिन्यातून एखादा रविवार माकुणसारला जायला लागलो. आधी वस्तू चालतात की नाही हे पाहायला, मग नुसताच. उरलेलं दिसणंही त्या वर्षी संपलं. ज्या दिवशी ते पूर्ण संपलं तो कुठला, हे त्यांनी कुणालाच सांगितलं नाही. मी ओट्यावर बसायचो आणि काकू वाडीत फिरायच्या. पायांनी पाटाची कड धरून चालायच्या, हाताने वेल चाचपायच्या आणि दुसऱ्या हातातल्या यंत्रात बोलायच्या. "विहिरीकडली पहिली ओळ. पाचवा वेल, पानं जाड आलीत, परवा खुडायची. सातव्याचा बंध सैल हाय." रात्रीचं जेवण झालं की ते सगळं पुन्हा ऐकायचं आणि दुसऱ्या दिवशीचं काम ठरवायचं, हा त्यांचा क्रम. कामाला येणाऱ्या बायका मला सांगायच्या, वयनींना दिसत होतं तेव्हा चुका सापडत नव्हत्या, आता सापडतात!

दसऱ्याला जेमतेम तीन आठवडे राहिले होते. गणपती नुकतेच झालेले. नीलेशचा फोन आला, "आई पडली. तू एक साधा फोन घेऊन ये, तिचा पाण्यात गेलाय. मी निघालोय." मी दुसऱ्या दिवशी सकाळी पोहोचलो तेव्हा काकू खाटेवर बसलेल्या, उजव्या घोट्याला पट्टी. शेजारचे भाऊदादा तिथेच होते. झालं होतं ते असं. आदल्या दुपारी काकू वाडीच्या पार आतल्या कोपऱ्यात, हौदाजवळच्या ओळीत होत्या. पाय घसरला, घोटा मुरगळला, पिशवीचं बटण तुटून फोन हौदात. कामाच्या बायका जेवायला घरी गेलेल्या. हाका मारल्या, पण वाऱ्याने माडांच्या झावळ्या इतक्या वाजत होत्या की आवाज कुंपणाबाहेर जाईना. तेव्हा त्यांनी नाडी सोडून रेडिओ काढला, खुंटी शेवटपर्यंत फिरवली आणि रेडिओ उंच धरला. मग बंद. मग पुन्हा सुरू. भाऊदादा सांगत होते, "आमी ओट्यावर पडलेलो. म्हटलं, वयनीचा रेडिओ दुपारचा कधी लागत नाय. अन् आज चालू-बंद, चालू-बंद कशाला करते? काय तरी हाय." ते रेडिओच्या आवाजामागे चालत गेले आणि काकू सापडल्या.

भाऊदादांनी सुचवलं होतं की नीलेशला सांगू नये. तीन आठवड्यांचाच प्रश्न आहे, घोटा तोवर बरा होईल. काकूंनी त्यांच्याच फोनवरून त्याच दुपारी नीलेशला फोन केला आणि पहिलं वाक्य हे म्हणाल्या, "नीलेश, मी पडले. शर्त तू जिंकलास."

नीलेश पुण्याहून पोहोचून खोलीत आला तेव्हा काकूंनी खरोखरच बॅग काढायला लावली होती. त्या खाटेवरून सांगत होत्या आणि कामाला येणारी बाई बॅगेत लुगडी भरत होती.  जिंकल्याचा आनंद नीलेशच्या चेहऱ्यावर नव्हता, सुटल्यासारखं मात्र वाटत असावं. काकूंनी यंत्र त्याच्या हातात दिलं. "वाडी ज्याला देशील त्याला समजायला नको? मी रोजचं बोलून ठेवलेलं हाय. कालच्यापासनं मागं मागं ऐक अन् लिहून काढ." तो ओट्यावर बसला, मी त्याच्या शेजारी. त्याने वही घेतली आणि कालचं लावलं.

आधी काकूंचा नेहमीचा आवाज. "हौदाकडली चौथी ओळ. तिसरा वेल पिवळा पडलाय, बुडाशी पाणी साचतंय, मोकळं करायला..." मग काहीतरी घसरल्याचा आवाज, धप्प, आणि पाण्यात काही पडल्याचा. मग बराच वेळ नुसता श्वास. नीलेशचा हात वहीवर थांबला. पडताना यंत्र काकूंच्या मुठीत राहिलं होतं आणि ते चालूच होतं... "आई गं," असा एकदाच आवाज आला. मग ती घड्याळातली बाई, "दोपहर के दो बजकर दस मिनट." आणि काकू तिला म्हणाल्या, "बरं."

पुढचं मी विसरू शकत नाही. त्या स्वतःशीच, पण स्पष्ट बोलत होत्या. "दोन वाजलेत. बाया तीनला येतील. भाऊदादा जेवून पडला असंल. पाय दुखतोय, पण बोटं हलतात, मोडला नाय. फोन गेला पाण्यात. रेडिओ हाय. टॉर्च हाय, पण आता ऊन हाय. ठीक हाय." मग रेडिओ कडाडला. बंद झाला. पुन्हा कडाडला. मधल्या शांततेत हाक. पुन्हा रेडिओ. असं बराच वेळ चाललं. आणि त्यातच एकदा, रेडिओ बंद असताना, त्या म्हणाल्या, "आता इथं बसलीच हाय, तर तिसऱ्याचं बुड मोकळं करते." आणि खरंच, माती ओढल्याचा, ओल्या मातीत बोटं घातल्याचा खसखस आवाज यायला लागला. घोटा सुजलेला, फोन पाण्यात, कुणी येईल की नाही ठाऊक नाही, आणि ही बाई वेलाच्या बुडाशी साचलेलं पाणी काढून देत होती! शेवटी लांबून भाऊदादांचा आवाज, "वयनी, कुठं हाय तू?" आणि काकूंचं उत्तर, "चौथ्या ओळीत. सांभाळून ये, पाट निसरडा हाय."

नीलेशने यंत्र बंद केलं. वहीत एक ओळही लिहिलेली नव्हती. तो उठला, खोलीत गेला आणि बॅगेतून लुगडी काढायला लागला. काकूंना आवाजावरून कळलं. "काय करतोस?" तो म्हणाला, "शर्त मी कबूल केली होती, मीच मोडतो." काकू ताठ झाल्या. "दया म्हणून नको हां. मी पडले ते पडले." तेव्हा नीलेश खाटेच्या कडेला बसला.  म्हणाला, "दया नाही, आई. मला वाटायचं, तुला काही झालं तर तू घाबरून जाशील आणि मी लांब असेन. रोज मला तेच दिसायचं. पण तू घाबरली नव्हतीस. मी तिथे पडलो असतो आणि माझा फोन पाण्यात गेला असता, तर माझ्याकडे काय उरलं असतं? मला तर तुझा नंबरसुद्धा पाठ नाही."  काकूंनी हात पुढे करून त्याचं तोंड चाचपलं, डोळ्यांपाशी बोट थांबलं. "रडतोस कशाला? चल, तिसरा वेल बघून ये. माझं काम बरोबर झालंय का सांग." तो गेला आणि आला. वेल सरळ उभा होता. त्या दिवाळीला त्याच ओळीची पानं आमच्या घरी पूजेला आली.

पुण्याचा विषय पुन्हा निघाला नाही.

इथे माझ्या घरातलं एक सांगितलं पाहिजे. अण्णांचे हात त्या सुमारास थरथरायला लागले होते. कंपवात. नोकरीची शेवटची वर्षं कारखान्याच्या गेटवर फोन जमा करून आत जाणारा माणूस. ते निवृत्त झाल्यावर मी हौसेने त्यांना चांगला फोन दिला होता. पण थरथरतं बोट काचेवर एकदा टेकवायचं म्हटलं तर तीनदा टेकायचं. कुणाला भलताच फोन जायचा, समोरचा वैतागायचा. एक दिवस अण्णांनी फोन कपाटात ठेवला आणि त्याबरोबर बोलणंही कमी केलं. फोन विकणाऱ्याचा बाप घरात गप्प बसून असायचा आणि मला उपाय सुचत नव्हता. काकूंना हे सांगितलं तर म्हणाल्या, "आण त्यांना वाडीत." मी नेलं. काकूंनी विचारपूस वगैरे काही केली नाही. आपला रेडिओ काढून अण्णांच्या हातात दिला. "फिरवा. हात हलला तरी याला राग येत नाय." अण्णांनी ती जाड खुंटी धरली. हात थरथरत होता, पण खुंटी धरल्यावर थरथर तिच्यात मुरून गेली. खरखर, मग एक गाणं, मग बातम्या. अण्णा कितीतरी दिवसांनी हसले. "आमच्या कारखान्यात व्हॉल्व्ह असाच फिरवत होतो की हो, ताई." पुढे त्या दोघांची अशी मैत्री झाली की अण्णा जाईपर्यंत दर रविवारी मला त्यांना तिथे न्यावंच लागायचं. एक सोलापूरकडचे, एक इथल्या. भाकरी ज्वारीची की तांदळाची, यावर तासभर वाद. दोघांनाही तो संपवायचा नसे.

मला वाटायला लागलं होतं की काकूंनी माझ्या धंद्याचा पराभव केला आहे. तर दोन वर्षांपूर्वी त्याच म्हणाल्या, "सतीश, तुझा तो काचेचा फोन पेपर वाचून दाखवतो ना? आण एक." मला इतका आनंद झाला की मी दुसऱ्याच दिवशी घेऊन गेलो. शेवटी आलात ना, असं म्हणालोसुद्धा. काकूंनी मग मला बसवून त्यातलं एकेक काढायला लावलं. रेडिओ नको, माझ्याकडं हाय. घड्याळ नको, बाई हाय. कॅमेरा कशाला? शेवटी त्यात फक्त पेपर उरला. तो फोन त्यांनी एका लाकडी पाटीवर घट्ट बसवून झोपाळ्याशेजारी भिंतीला लावून घेतला, काचेवर एकाच जागी मेणाचा जाडसा ठिपका दिला. ठिपक्यावर बोट ठेवलं की पेपर सुरू. मी कळवळून म्हटलं, "काकू, अहो, याला सगळं करता येतं." त्या म्हणाल्या, "येऊ दे की. सगळं करता येतं म्हणून माणसानं तरी सगळं केलंय का कधी?"

दुपारी चार वाजता त्या ओट्यावर पेपर सुरू व्हायचा आणि आजूबाजूच्या आठ-दहा बाया, म्हातारे जमायचे. फोनमधला आवाज गावांची नावं चुकीची उच्चारायचा आणि काकू त्याला शाळेतल्या बाईंसारख्या सुधारायच्या. मग सगळे हसायचे. ज्यांना दिसत होतं, वाचताही येत होतं, तेही पेपर ऐकायला आंधळ्या बाईच्या ओट्यावर येत होते. पंचाहत्तरीची ती बाई झोपाळ्यावर अशी बसायची की सगळी बातमी तिच्याच परवानगीने बाहेर पडते आहे.

मी आजही सगळं-एकातवाले फोनच विकतो. माझ्याही खिशात तोच आहे आणि तो वाईट आहे असं मी म्हणणार नाही. काकूही कधी म्हणाल्या नाहीत. पण दुकानात डाव्या हाताला मी एक फळी लावली आहे. बोलणारी घड्याळं, खुंटीचे रेडिओ, मोठ्या बटणांचे फोन. कुणी मुलगा आई-वडिलांना घेऊन येतो आणि "सगळं एकात दाखवा" म्हणतो, तेव्हा मी आता बोटांवर मोजत नाही. म्हाताऱ्या माणसाच्या हातात आधी वस्तू देतो आणि गप्प बसतो. मला ते फार उशिरा जमलं.

गेल्या रविवारी माकुणसारला गेलो होतो. नीलेशने लांबची रजा घेतली आहे, पानवेलीचा हंगाम होईपर्यंत तो तिथेच आहे. पुढचं काय, ते तो अजून सांगत नाही, पण पायात चप्पल नव्हती आणि नखांत हिरवट डाग होते. आम्ही स्वयंपाकघरात चहाला बसलो. त्या घरात एक नियम होता. साखरेचा डबा डावीकडे, चहाचा उजवीकडे, गाळणी खिळ्याला, कपांचे कान भिंतीकडे, स्टूल ओट्याखाली पूर्ण आत. घरात येणाऱ्या प्रत्येकाने वस्तू उचलली तर जिथून उचलली तिथेच ठेवायची, कारण एका माणसाचे डोळे त्या जागांत होते. आता तिथे सगळ्यांनाच दिसतं. त्या क्रमाची कुणालाच गरज नाही.

चहा झाला. नीलेशने बोलता बोलता कप विसळला आणि कान भिंतीकडे करून ठेवला. काकूंच्या सूनबाईंनी साखरेचा डबा बंद केला आणि तो दोन बोटं डावीकडे सरकवला. मी निघायला उठलो, दारापर्यंत आलो आणि परत फिरलो. माझं स्टूल बाहेरच राहिलं होतं. ते मी ओट्याखाली ढकललं, पूर्ण आत, भिंतीला लागल्याचा आवाज येईपर्यंत.